मिरीची पाठ

२ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

मिरी पोचली. गाडीतून उतरताना तिने आधी मान बाहेर काढून तबेला न्याहाळला, नाक फेंदारलं आणि मग उपकार केल्यासारखी खाली आली. पांढऱ्या अंगावरचे काळे ठिपके बघून मोतद्दार म्हणाला, "हिच्यावर कुणीतरी मिरपूड सांडलीय." मी म्हटलं, नाव त्यावरूनच ठेवलंय, तू काही नवा शोध लावलेला नाहीस.

तू ग्रंथालयातल्या शिडीवरून पडून खुबा मोडून घेतलास, याबद्दल आता ओरडत नाही. फोनवर ओरडून झालं आहे. पण फोनवर तू नुसतं "हं मावशी, हं मावशी" करतेस, म्हणून यापुढे पत्रच. अंथरुणात पडलेल्या माणसाला वाचायलाही काही हवं.

आता कामाचं. तीन दिवसांची लांब पल्ल्याची फेरी नोव्हेंबरात आहे. त्याआधी ऑक्टोबरात एका दिवसाची पात्रता-फेरी. मिरीला तू दोन वर्षं यासाठी तयार केलंस, ती मेहनत एका शिडीपायी वाया जाऊ देणार नाही. नोंदणीत तुझ्या जागी माझं नाव लागलं. इतक्या लांब मी कधी गेलेले नाही, रविवारची रपेट वेगळी, हे मला कळतं. पण शाळा ताब्यात आली तेव्हाही मला कुणी तालीम दिली नव्हती.

माझ्या कमरेची काळजी नको. गेल्या वर्षी धरली होती, ती सुटली. मुलं मला पाठीमागे 'ओळंबा' म्हणायची ते तू विसरली नसशील. रांग वाकडी नको, रेघ वाकडी नको, पाठ वाकडी नको. मुख्याध्यापिका निवृत्त होते, ओळंबा होत नाही.

मिरीच्या सवयी सविस्तर कळव. जावईबापूंना छळू नकोस.

तुझी
मावशी

११ सप्टेंबर

प्रिय मावशी,

उताणी पडून लिहितेय, त्यामुळे ओळी छताकडे चालल्यात. लाल शाईने गोल करू नकोस. नवरा मला चारी बाजूंनी उशा लावून जातो, काचेचं सामान पाठवतात तशी. डॉक्टर म्हणतात, सावकाश होईल. तर ते सावकाश चाललंय.

मिरीचं सांगते. फेरीत दर टप्प्याला घोड्यांचे डॉक्टर तपासणी करतात. नाडी उतरली का, तोंड कोरडं पडलंय का, दुडक्या चालीत पाय नीट पडतो का. आणि पाठ. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी दोन बोटं दाबत नेतात. दुखत असेल तर घोडी बोटांपासून पळाल्यासारखी पाठ खाली घालते. तशी घातली की बाद.

म्हणून तिच्या पाठीचा एक व्यायाम रोज करून घे. तिच्या शेजारी उभी राहा आणि जिथे खोगिराचा तंग बांधतो तिथे पोटाखाली बोटांची टोकं वर दाब. ती मांजरीसारखी पाठ वर उचलेल. तिला हे फार आवडतं. आमचा दोघींचा खेळच आहे म्हण ना.

आणखी एक. मिरी बोलत नाही. दुसऱ्या घोड्या दुखलं की चावतात, लाथ झाडतात, मिरी सोसते. चढायच्या लाकडी पायरीपाशी कुणी उभं राहिलं की स्वतःच येऊन पाठ पुढे करते. तो तिचा गुण आहे आणि दोषही तोच. तिचं दुखणं तुलाच ओळखावं लागेल.

आई म्हणत होती की तू हल्ली डावीकडे कलून चालतेस. तिला सगळेच कललेले दिसतात, तरी विचारून ठेवते.

तुझी
भिंगरी

२९ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

ताईला म्हणावं, आधी चष्म्याचा नंबर तपासून घे.

आम्ही रोज उजाडताना निघतो. टेकडीला वळसा घालून, जुन्या कालव्याच्या कडेने, डांबरी रस्त्यावरून परत. मिरीची चाल अशी की खांद्यावर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळू नये. पोटाखालचा तुझा खेळही रोज होतो. पहिल्या दिवशी मी घाबरत बोटं लावली तर तिने पाठ उचलून वर माझ्याकडे वळून पाहिलं, एवढंच का, अशा नजरेने.

एक तक्रार. खोगिराखाली डाव्या बाजूला, खांद्याच्या मागे, तिचे केस उलटे फिरलेले दिसले आणि जागा किंचित गरम लागली. खोगीर उलथून पाहिलं तर डावीकडची भरणी चपटी. तडक खोगीरवाल्याच्या दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं होती.

"हे असं काम करतोस?"

"काय झालं बाई?"

"डावी बाजू बसली. हाताला गादी लागते की पुठ्ठा, तूच सांग."

त्याने दाबून पाहिलं, डोकं खाजवलं. "भाचीबाईंनी नेलं तेव्हा बरोबर होतं. गाडीत आपटलं असेल."

"गाडीत आपटून भरणी बसत नाही. कामचुकारपणाने बसते."

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, "किती भरू तेवढं सांगा. मी खोगीर भरतो, वाद घालत नाही." मी डावीकडे चांगली टच्च भरून घेतली. आता प्रश्न मिटला.

तू पायांना व्यायाम दे. चालायला कधी लागणार आहेस, ते लिहिलं नाहीस.

मावशी

८ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

त्याला गिऱ्हाइकांसमोर कामचुकार म्हणालीस? आता तो मला उलटं खोगीर शिवून देईल.

पण खरंच सांगते, नुसती भरणी वाढवून भागेलच असं नाही. बोट दुखतंय म्हणून बुटात कापूस कोंबला तर बोट जास्तच दुखतं. एक करशील? मिरीवर बसलेली असताना मोतद्दाराला सांगून तुझा पाठमोरा फोटो काढून घे आणि पाठव. एक नाही, दोन पाठव. एक थांबलेली असताना, एक चालताना.

आणि जागा पुन्हा गरम लागली तर थांब. मी रागावणार नाही. फेरी पुढच्या वर्षीही आहे, मिरीची पाठ एकच आहे.

चालण्याबद्दल विचारलंस. काठी घेऊन खिडकीपर्यंत जाते आणि येते. खिडकीतून समोरच्या घरातल्या बाईंचे वाळत घातलेले कपडे दिसतात. त्यांचं सगळं मला पाठ झालंय, कुठली वस्तू कुठल्या दोरीवर येणार तेसुद्धा.

फोटो विसरू नकोस.

भिंगरी

२१ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

पात्रता-फेरी झाली. मिरी पास.

नाडी वेळेत उतरली, पाय साफ, पाठीत दोष नाही असा शेरा मिळाला. तपासणीला असलेली डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. दुसऱ्या बाकावर बसायची. फार बोलणं झालं नाही, मागे रांग होती.

फोटो जमला नाही. मोतद्दाराला फोटो काढता येत नाही, दर वेळी अंगठा मध्ये येतो.

मिरीला आठवडाभर विश्रांती देते आहे. सगळे देतात.

मावशी

२८ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

पत्र वाचून मी ओरडले आणि नवरा हातातलं भांडं घेऊन धावत आला, त्याला वाटलं मी पुन्हा पडले. त्याला बसवून शेरा मोठ्याने वाचून दाखवला. पाठीत दोष नाही. मग आईला फोन केला, ग्रंथालयातल्या मैत्रिणींना केला. समोरच्या कपडेवाल्या बाईंनाही खिडकीतून हात करून सांगितलं, त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगू? मला त्या खोगिराची धाकधूक होती. तुझ्या बसण्याचीही होती. म्हणून फोटो फोटो करत होते. माफ कर. जिने स्वतःच्या भाचीला शेजारणीचा नकाशा उतरवला म्हणून अख्ख्या वर्गासमोर बाकावर उभं केलं, तिच्या हातची घोडी तपासणीत पास होते, तेव्हा मी इथे पडून शंका काढायची म्हणजे कमाल आहे.

मिरीला माझ्याकडून पोटाखाली बोटं लाव. आणि तीन दिवसांची फेरी झाली की तुला एक गोष्ट सांगायची आहे. आत्ता नाही. आत्ता तू फक्त तयारी कर.

तुझी
भिंगरी

१५ नोव्हेंबर

मावशी,

अडीच आठवडे पत्र नाही. फोन केला तर मोतद्दार म्हणाला, बाई बाहेर गेल्यात. दोनदा तेच म्हणाला, आणि मागे तुझ्या खोकल्याचा आवाज येत होता.

मिरी बरी आहे ना? एवढंच लिही.

भिंगरी

२५ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

मिरी बरी नाही. तीन दिवसांच्या फेरीत ती उतरली नाही. तिला काय झालं ते क्रमाने लिहिते. मध्ये कुठे माझी बाजू मांडायला लागले तर ती ओळ सोडून पुढे वाच.

डावीकडे भरणी वाढवल्यावर दोन-तीन आठवडे बरे गेले. मग पात्रता-फेरीच्या आदल्या दिवशी खरारा करताना त्याच जागी हात लावला आणि मिरीने पाठ खाली घातली. एकदाच. मी पुन्हा दाबून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, म्हणून पाहिलं नाही. तुझं 'थांब' असं लिहिलेलं पत्र तेव्हा घरात टेबलावर होतं. मी मनाशी म्हटलं, मुलीची दोन वर्षांची मेहनत आहे. खरं म्हणजे नोंदणीत नाव माझं होतं आणि 'बाई, या वयात?' असं विचारणारे पुष्कळ होते. त्यांना उत्तर द्यायचं होतं.

शेवटच्या टप्प्याला तपासणीत ती विद्यार्थिनी पुढे आली. हातमोजे काढून मला नमस्कार केला. "बाई, तुमच्या घोडीत काय दोष काढायचा," म्हणाली आणि हसली. नाडी, पाय सगळं पाहिलं. मग पाठीकडे वळली. मी मिरीच्या या बाजूला उभी, ती त्या बाजूला. तिची बोटं डाव्या खांद्यामागे यायला लागली तशी मी तुझ्या मिरीच्या पोटाखाली हात घातला, थोपटल्यासारखा, आणि बोटांची टोकं वर दाबली.

मिरीने पाठ उचलली.

डॉक्टर म्हणाली, "सुंदर." मी आभार मानले. आयुष्यभर परीक्षेच्या वर्गांतून फिरले. कुठल्या मुलाच्या बाहीत काय आहे ते दारातून ओळखायचे. माझ्या बाहीतलं कुणी पाहिलं नाही, कारण मी मी होते.

घरी आल्यावर तिला धुतलं तर घामाने चिकटलेल्या केसांखाली त्या जागेवरची कातडी सोलून निघाली. तळहाताएवढी. मी औषध लावलं, विश्रांती दिली आणि तुला शेरा लिहून पाठवला. तुझं उत्तर आलं, त्यातल्या टाळ्या आल्या. त्यानंतर मला पत्र लिहिता आलं नाही. मोतद्दाराला खोटं बोलायला मीच सांगितलं होतं. त्याला रागावू नकोस, तो तर फार वाईट खोटं बोलतो.

जखम भरली, वर केस आले. मी खोगिराखाली नमद्याची जाड गादी घालून पुन्हा चढले. एके सकाळी डांबरी रस्त्यावरून परत येताना ऊन पाठीमागून होतं. पुढे रस्त्यावर आमची लांबलचक सावली पडलेली. घोडी सरळ. वर बसलेली बाई डावीकडे कललेली, भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्चीसारखी. मला वाटलं रस्त्याला उतार आहे. थांबले, सावरून बसले. सावली सरळ झाली आणि मला वाटलं मी उजवीकडे पडते आहे. सैल सोडलं, की पुन्हा डावीकडे. तिथे कुणी नव्हतं, तरी मी खाली उतरले आणि लगाम धरून घरापर्यंत पायी आले.

कंबर सुटली नव्हती, भिंगरी. कमरेने मला वाकडं करून ठेवलं होतं आणि मला ते सरळ वाटत होतं. ताईने सांगितलं, मी तिचा चष्मा काढला. तू फोटो मागितलास, मी अंगठा पुढे केला. माझा सगळा भार रोज मिरीच्या एका बाजूवर होता आणि तिथेच मी वरून भरणी कोंबून घेतली.

खोगीरवाल्याकडे गेले. गिऱ्हाइकं असतील अशाच वेळी गेले. म्हटलं, तुझं काम चोख होतं, वाकडी मी होते, तुला बोलले ते मागे घेते. तो जरा घाबरला. म्हणाला, "मग भरणी आता काढू की ठेवू?"

इथेच तुला लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. वर केस आले आहेत, तीन दिवस सरळ बसायचं मनावर घेईन, असं ठरवून मी मिरीला घेऊन फेरीच्या ठिकाणी गेले. हे सगळ्यात वाईट, कारण आता मला माहीत होतं.

सुरुवातीच्या तपासणीला तीच डॉक्टर. "या बाई." मिरी शांत उभी. डॉक्टरने हलक्या हाताने पाठीवर बोटं ठेवली, आणि माझा हात आपण होऊन पोटाखाली गेला. मी सांगितलं नव्हतं, तो गेला. मिरीने बोटं लागायच्या आधीच पाठ उचलायला सुरुवात केली.

मी हात काढून घेतला. म्हटलं, "डाव्या खांद्यामागे दाब. जोरात."

"बाई?"

"जोरात दाब म्हणते ना."

तिने दाबलं. मिरीची पाठ एवढी खाली गेली की तिचे गुडघे वाकले. आवाज काही केला नाही. डॉक्टरने बोटं उचलली. मग हळू विचारलं, "मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी माझी बोटं खाली होती."

मागे रांग होती, ऐकणारे ऐकत होते. तिने मिरीच्या मानेवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा, बाई." हे वाक्य माझं आहे. असंच, याच आवाजात, मी कितीतरी मुलांना म्हटलं असेल. मी बाजूला उभी राहिले. मिरीची तपासणी पुरी होईपर्यंत तिने मला जवळ येऊ दिलं नाही.

पात्रतेचा शेरा रद्द झाला. आतल्या सुजेला बरेच महिने लागतील, पण पाठ बरी होईल असं ती म्हणाली. मिरीला तुझ्याकडे परत पाठवू का ते कळव. तू म्हणशील त्या दिवशी गाडी करते.

मावशी

४ डिसेंबर

मावशी,

आधी उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते मी पोस्टात टाकलंही असतं.

पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं नाही. त्याने विचारलं, मी म्हटलं, मिरी लंगडली. बघ, मीही तुझ्यासाठी खोटं बोलले. समोरच्या बाई खिडकीतून अंगठा वर करून विचारतात, जिंकली का. मी पडदा ओढून घेतला.

तू मला फसवलंस याचा राग आला, तो दोन दिवसांत ओसरला. वाकडी बसलीस याचा तर मुळीच नाही, कमरेला कोण काय करणार. राग राहिलाय तो त्या बोटांचा. तो आमचा खेळ होता. बोटं लागली की तिला कळायचं, आता लाड. त्या दिवशी तिची कातडी सुटत होती आणि तरी तिने पाठ उचलली, कारण तू सांगितलंस. ती माझ्यासाठी उचलायची तशीच तुझ्यासाठी उचलली. हे मला अजून गिळता येत नाहीये.

आता माझं. फेरीनंतर सांगायची गोष्ट ही होती की मी पुन्हा घोड्यावर बसणार नाही. डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं, खुबा तेवढं सोसणार नाही. 'सावकाश' वगैरे मी लिहीत राहिले, कारण तुझ्या पत्रांत मी अजून मिरीवर बसणार होते. फेरी झाली की मिरी तुला द्यायची असं ठरवलं होतं. म्हणून तुला दुखवायचं नव्हतं. म्हणून फोटोचा हट्ट सोडला. सोडायला नको होता. दोघींपैकी एकीने तरी सरळ लिहायला हवं होतं.

परत पाठवू का विचारतेस. पाठवून मी काय करू, पलंगाला बांधू? तिला ठेव. पण तू तिच्यावर चढायचं नाहीस. तिची पाठ भरली तरी नाही, तुझी सरळ होईपर्यंत नाही, आणि सरळ झाली की नाही ते मी ठरवणार. दर महिन्याला पाठमोरा फोटो. अंगठ्यासकट चालेल.

आणि बाकावर उभं राहायची पाळी तुझी. बाक नसला तर काहीतरी शोध.

भिंगरी

१५ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

सोबत फोटो आहे. डावा खांदा खाली आहे ती मी, उजव्या कोपऱ्यातला मोतद्दाराचा अंगठा. कमरेचे व्यायाम घेणारी एक कडक बाई मिळाली आहे. मला "सरळ, सरळ" म्हणून ओरडते. मी सरळच उभी असते, मग ती आरसा दाखवते.

जावईबापूंना खरं सांग. माझ्यासाठी तू खोटं बोलू नकोस, तेवढं मला नको. पडदाही उघड.

बाक मिळाला नाही. तबेल्यात घोड्यावर चढायची लाकडी पायरी आहे, काल सकाळी तिच्यावर उभी राहिले. मोतद्दाराने विचारलं, "खोगीर आणू, बाई?" मी म्हटलं, नको. "मग उभ्या कशाला?" म्हटलं, शिक्षा आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, झाडू उचलला आणि पलीकडचं अंगण झाडायला निघून गेला. ते त्याने आधीच झाडलं होतं.

मिरी मोकळी होती. मला पायरीवर पाहिलं तशी गवत सोडून आली, पायरीला अंग लावलं आणि पाठ पुढे करून उभी राहिली. डाव्या खांद्यामागे केस पांढरे आले आहेत, त्यांत एकही ठिपका नाही. तिने मान वळवून पाहिलं, बस ना, अशा नजरेने.

मी हात पाठीमागे धरले. तिच्याकडे बघता येईना म्हणून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. ती वाट बघत राहिली. कंबर भरून आली, पण ती जायच्या आधी मी उतरणं बरं दिसलं नसतं.

कंटाळून ती गवताकडे परत गेली, तेव्हा मी खाली उतरले.

मावशी